काचेवरचं रक्त, सोडलेलं दूध

ज्यांचं रक्त तपासायला आत गेलंय आणि जे बाहेर बाकड्यावर बसून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी त्या बाकड्यावर बसलेली आहे. बाकी कुणी वाचलं तर हरकत नाही, पण वाचून झाल्यावर मला सल्ले देऊ नयेत. सल्ल्यांना मी तेव्हाच विटले होते. एकीनं बीट खा म्हणावं, दुसरीनं मनुका, तिसरीनं नुसतं माझ्याकडं बघून डोळे पुसावेत. त्या तिसरीचा राग अजून गेलेला नाही.

मी काष्टीत शाळामास्तरीण होते. गावोगाव खडी फोडायची कामं निघाली, ते साल. माझं वय तेव्हा बत्तीस. घरात आमचे हे, सासूबाई आणि आमची एकुलती एक लेक मंगल. ती दहा वर्षांची होती.

पाय जमिनीला लागेनात

सुरुवात पायांपासून झाली. शाळेच्या फरशीवर चालताना खाली कुणी घोंगडी अंथरलीय असं वाटायचं. मी वाकून बघायची, खाली फरशीच असायची. मग जीभ सोलवटल्यासारखी झाली, साधी आमटीसुद्धा झोंबायला लागली. जिना चढला की कानात घुमायचं. पोरं पाढे म्हणत असायची आणि तो आवाज मला नदीपलीकडून आल्यासारखा ऐकू यायचा. सात पाचे पस्तीस, सात सक बेचाळीस. मी खडू हातात धरून फळ्यासमोर उभी असायची, आणि काय लिहायला आले होते तेच आठवायचं नाही.

खोटं कशाला बोलू, ते वाईट वाटत नव्हतं. मी मुळात भांडखोर बाई. सकाळी उठल्यापासून कुणाशी तरी वाजायचंच माझं. त्या दिवसांत मला कशाचाच राग येईना. दुपारी वर्गाच्या खिडकीतून ऊन आत यायचं, त्यात खडूची धूळ तरंगायची, आणि मीही त्या धुळीबरोबर तरंगतेय असं वाटायचं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या ह्यांना म्हणाल्या, "शकू लई शानी झालीया आताशा." घरातली बाई गप्प झाली की घराला ती शहाणी झाल्यासारखी वाटते.

त्या साली सगळंच गाव वाळलेलं होतं. विहिरी आटल्या होत्या, कितीतरी घरांनी जनावरं घोडेगावच्या बाजाराला नेऊन सोडली होती. त्यात एक मास्तरीण वाळली तर कुणाच्या लक्षात येणार? हे तेवढे म्हणायचे, "मास्तरीण, तू पिवळी पडलीस." मी म्हणायची, उन्हाचं तुम्हाला तसं दिसतं. दुखणं अंगावर काढण्यात आमच्या बायकांचा हात कुणी धरणार नाही.

शेवटी बाजारच्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन बाजारात खाली बसले. किती वेळ बसले ते माहीत नाही. समोर कांद्याचा ढीग होता आणि मला तो फार सुंदर दिसत होता. एक कासारीण माझ्या ओळखीची, तिनं मला उठवलं. तिनं उठवलं तेव्हा कांदे नव्हते, कांदेवालाही नव्हता, बाजार उठला होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला एसटीत घातलं आणि नगरला नेलं.

मोसंबं

नगरचा तो एक धर्मादाय दवाखाना होता. नाव सांगत नाही. लांबलचक कौलारू इमारत, पुढं व्हरांडा, व्हरांड्यात बाकडी. बायकांच्या वॉर्डात मला शेवटून दुसरी खाट मिळाली. शेवटच्या खाटेवर पारूबाई म्हणून नेवाशाकडची म्हातारी होती. तिचा पाय मोडला होता आणि तोंड शाबूत होतं.

पहिल्याच दिवशी माझ्या बोटातून रक्त घेतलं. घ्यायला शांतवनभाऊ आले. तिथल्या तपासणीच्या खोलीचे तेच सर्वेसर्वा. पन्नाशीचे, बुटके, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आजी-आजोबांच्या काळापासून घराणं ख्रिस्ती, बोलणं अस्सल नगरी. बोटाला सुई लावताना ते दुसरीकडंच बघायचे आणि विचारायचे, "बाई, तुमच्या शाळेत घंटा कशाची? पितळी का रुळाच्या तुकड्याची?" मी उत्तर देईपर्यंत टोचून झालेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठे डॉक्टर आले. माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट दाबलं, तळव्यांना किल्ली टोचून "कळतंय का?" विचारलं. खाण्यापिण्याचं विचारलं. मी म्हटलं, सगळं व्यवस्थित आहे. मग ते ह्यांना घेऊन बाहेर गेले.

हे परत आले तेव्हा हातात मोसंबी होती. खाटेच्या कडेला बसून ह्यांनी मोसंबं सोलायला घेतलं. वरची साल काढली, आतली पांढरी काढली, एकेक फोड सुटी करून बिया काढून माझ्या हातावर ठेवली. बारा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला कधी शेंगसुद्धा फोडून दिली नव्हती. तोवर वाटलं नव्हतं, पण ती फोड हातात घेतल्यावर मला कळलं की मी मरणार आहे.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय न्हाई. अशक्तपना हाय."

"अहो, माझ्याकडं बघून बोला."

ह्यांनी नाही बघितलं. मोसंब्याची साल बोटांनी बारीक बारीक तोडत बसले. मग म्हणाले, "रक्तात मोठ्या मोठ्या पेशी दिसत्यात म्हनं, नसाव्यात अशा. रक्त लई कमी झालंय. रक्ताचा कॅन्सर असंल म्हनत्यात. असंल, हाय म्हनलं न्हाईत. पुण्याला न्यायचं. हाडातनं पानी काढून बघत्यात."

मी उरलेल्या सगळ्या फोडी खाल्ल्या. रडले नाही. मला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर माणूस हंबरडा फोडत असेल. मी विचार करत होते की मंगलची वेणी कोण घालेल. आत्याबाईंचे हात कापतात, आणि ह्यांना तीन पेडांची वेणी म्हणजे काय ते ठाऊक नाही. पोरीचे केस कापून टाकावे लागतील, हे मनात आलं तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी आलं.

शेजारच्या खोलीतला आवाज

पुण्याची सोय लागायला आठ-दहा दिवस लागणार होते. तोवर मी खाटेवर पडून होते.

माझ्या खाटेमागं भिंत आणि भिंतीपलीकडं शांतवनभाऊंची खोली. तिकडून दिवसभर एक आवाज यायचा. आधी घर्रर्र करून चार-पाच सेकंद काहीतरी जोरात फिरायचं आणि थांबायचं. मग बारीक टिकटिक, बराच वेळ. मी विचारलं तर शांतवनभाऊ खुलले. परदेशातल्या कुणी देणगीदारांनी दोन यंत्रं पाठवली होती, महिनाही झाला नव्हता.

"रक्त भिंगाखाली बघायचं तर आधी काचेवर पातळ पसरावं लागतं," ते म्हणाले. "तीस वर्षं मी हातानं पसरलं. एका काचेवर थेंब, दुसरीच्या कडेनं ओढायचा. हात बरा असला तर बरं, भांडून आलं की जाडंभरडं. आता पहिल्या यंत्रात थेंब टाकायचा, झाकण लावायचं. काच गरागरा फिरते, रक्त सगळीकडं सारखं. दुसऱ्या यंत्रावर काचा ओळीनं ठेवायच्या. एकेक पुढं सरकते, खालून रंग लागतो, धुतली जाते, वाळते, पलीकडं बाहेर पडते. मी नुसता बघत बसतो."

"मग तुमचं काम काय राहिलं?"

"बघायचं काम माझंच की. यंत्र रंगवतं, त्याला डोळे कुठं आहेत?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्या आठवड्यात मी त्यात आपल्या विहिरीचं पाणी भरलं. सगळ्यांचं रक्त निळं. डॉक्टर म्हणाले, शांतवन, हे काय. पाणी क्षाराचं आपलं, यंत्राला चालत नाही. आता गाळून, उकळून, वाफ धरून त्याचं पाणी वेगळं करतो. माणसांना प्यायला टँकर आणि ह्याला वाफेचं पाणी. साहेबी थाट आहे."

दुपारी जेवणानंतर वॉर्डात सामसूम व्हायची. पंखा हळूहळू फिरायचा, पडद्यातून पिवळा उजेड यायचा, आणि भिंतीपलीकडची ती टिकटिक माझ्या झोपेत शिरायची. मी झोपलेली नसायची आणि जागीही नसायची. मला दिसायचं, की आख्खं काष्टी एका लांब काचेच्या रस्त्यावरून सरकतंय. पुढं कासारीण, मागं शाळेतली पोरं, हेडमास्तर, कांदेवाला, सगळे लाल लाल थेंबासारखे, आणि कुणी काही बोलत नाही. एकेकाला गुलाबी रंग चढतो. सगळे रंगून पलीकडच्या उन्हात बाहेर पडतात. माझी पाळी येते तेव्हा काच थांबते. मी विचारते, का थांबली? कुणी उत्तर देत नाही. मला भीती वाटायची नाही. उलट डोळे उघडून परत त्या वॉर्डात यायचा कंटाळा यायचा. आजारपणातलं हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. मरणाची भीती सारखी नसते. मधूनमधून ते गोडही वाटतं, आणि तेव्हाच माणसानं जपावं.

दोन कप

चौथ्या का पाचव्या सकाळी शांतवनभाऊ सुई घेऊन आले आणि न टोचता उभे राहिले.

"बाई, तुम्ही काय काय खाता?"

"सगळं खाते. डॉक्टरांना सांगितलंय."

"मटण, अंडी?"

"माळकरी घर आहे आमचं. माहेरही तसंच."

"बरं. दूध, दही, ताक?"

"आहे की घरात."

आहे की घरात. बघा, हे खोटं नव्हतं. घरात होतंच.

त्या दवाखान्यात सकाळी प्रत्येकाला कपभर दूध मिळायचं, दुष्काळात भुकटीचं. सिस्टर माझा कप खाटेशेजारच्या फळीवर ठेवून पुढं जायच्या, आणि मी तो पारूबाईला द्यायची. शांतवनभाऊ त्या सकाळी गेले नाहीत. सुई धरून तिथंच उभे. पारूबाईनं आपला कप संपवला, तोंड पुसलं आणि सवयीनं माझ्या फळीकडं हात लांबवला.

"आजी, दुसरा कप कुणाचा?"

"मास्तरनीचा. रोज देती मला. लई गुणाची बाई हाय. माझं हाड हिच्याच दुधानं जुळाया लागलंय."

शांतवनभाऊ वळले. "बाई, तुम्ही दूध सोडलंय का?"

आमच्या माहेरची रीत अशी, की नवसानं सोडलेलं बोलायचं नाही. बोललं की ते वाया जातं. काय खाता म्हणून कुणी विचारलं तर आम्ही खातो ते सांगू. सोडलेलं सांगणार नाही, कारण ते देवाचं आणि आपलं. डॉक्टर असो, नवरा असो.

शांतवनभाऊंनी स्टूल ओढलं आणि बसले. "आधी सकाळी मला उसंत नसायची. चाळीस काचा हातानं ओढायच्या, हातानं रंगवायच्या. आता ते काम तिकडं आपोआप चाललंय, ऐकू येतंय ना? मला वेळ आहे. तुम्ही सांगेपर्यंत बसतो."

आणि खरंच बसले. मी भिंतीकडं तोंड केलं, ते बसले. पारूबाई म्हणाली, सांग की ग बाई, तर तिला त्यांनी हातानं गप्प केलं. भिंतीमागं टिकटिक चालली होती. आठ वर्षांत मला कुणी इतका वेळ विचारलेलं नव्हतं. मला रडू फुटलं, आणि सगळं बाहेर पडलं.

मंगल दोन वर्षांची असताना तिची छाती भरली होती. ओठ निळे पडले, डोळे फिरवायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. मी देव्हाऱ्यापुढं बसून देवीला म्हटलं, लेकरू उठू दे, दुधाचं म्हणून जे जे आहे ते जन्मभर तोंडात घालणार नाही. आणि तिसऱ्या दिवशी मंगल उठून भाकरी मागायला लागली. तेव्हापासून दूध, दही, ताक, तूप, लोणी, सगळं बंद. चहा कोरा. विचारलं तर पित्त होतं म्हणायची. घरात कुणाला कळलं नाही. कळणार कसं? सगळ्यांचं झाल्यावर चुलीपुढं एकटीच जेवायची मी. शेवटी जेवणारीच्या ताटात काय नाही ते कुणाला दिसणार?

शांतवनभाऊंनी चष्मा पुसला. "मी डॉक्टर नाही. माझ्या म्हणण्याला काडीची किंमत नाही. पण मला काय दिसलं ते तुम्हाला दाखवतो. चला."

मोजून बघा

ह्यांनी आणि सिस्टरनी मला चाकाच्या खुर्चीतून शेजारच्या खोलीत नेलं. पहिल्यांदा यंत्रं बघितली. मला काय काय वाटलं होतं. प्रत्यक्षात फिरवायचं यंत्र डब्याएवढं, आणि दुसरं शिवणयंत्राएवढं. काचा पालथ्या पडून एकेक पुढं सरकत होत्या, कुणी हात लावत नव्हतं. मी बघतच राहिले. खुर्चीत बसल्या बसल्या मला परत झोप यायला लागली.

"बाई, इकडं," शांतवनभाऊ म्हणाले. "तुम्ही मास्तरीण. मोजता येतं ना? ह्या भिंगात बघा."

गुलाबी गुलाबी चकत्या दिसल्या, पोळपाटावर लाट्या मांडाव्यात तशा, पण कुठं भली मोठी, कुठं लांबट. मध्ये एक वेगळी होती. तिच्या आत जांभळे ठिपके एकमेकांना चिकटून.

"त्या जांभळ्या तुकड्यांची संख्या सांगा."

"एक, दोन, तीन... सहा."

"परत मोजा."

"सहाच आहेत."

"चांगल्या माणसात दोन, तीन, फार तर चार. पाच क्वचित. तुमच्यात अशा सहाच्या जागोजाग आहेत. तुम्ही आलात त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून मी हातानं काढलेल्या पहिल्या काचेत सगळं एकमेकांवर चढलेलं, मोठ्या पेशी तेवढ्या दिसल्या आणि आम्ही सगळे घाबरलो. ह्या यंत्रावर तुमच्या रक्ताच्या मी दहा काचा केल्या. दहाही सारख्या. मग निवांत बघितलं. मटण, अंडी, दूध ह्यांतलं एक जीवनसत्त्व अंगाला मिळालं नाही की रक्त असं होतं. बाई, मला वाटतं हा कॅन्सर नसावा. ही उपासमार आहे."

हे माझ्या मागं उभे होते. त्यांना दुधाचं काहीच माहीत नव्हतं. "उपासमार?" हे म्हणाले. "माज्या घरात?"

मग मला ह्यांच्यासमोर सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं. ते जास्त अवघड गेलं.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "आठ वर्सं. आन मी तुला कोरा च्या पिताना बगत हुतो." टोपी डोक्यावर चढवली, खोलीबाहेर पडले, आणि दुपारच्या एसटीनं काष्टीला निघून गेले. मला सांगूनसुद्धा गेले नाहीत.

लाल सुई

मोठ्या डॉक्टरांनी त्या दहाही काचा स्वतः बघितल्या. शांतवनभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "पुण्याला जायचं आठ दिवस पुढं ढकलू. एक इंजेक्शन देतो. शांतवनचं बरोबर असेल तर आठवड्यात रक्त वाढायला लागेल. नाही वाढलं तर पुणं आहेच."

मी विचारलं, इंजेक्शन कशाचं? जनावराच्या काळजाचं असेल तर नको. डॉक्टर वैतागले, पण सांगितलं, की तसलंही मिळतं, पण हे ते नाही, हे कारखान्यात तयार होतं. सुईतलं औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. मी डोळे मिटून घेतलं.

आठ दिवस म्हणजे काय ते बाकड्यावर बसलेल्यांना सांगायला नको. रोज बोट टोचायचं, रोज भिंतीमागं घर्रर्र व्हायचं, आणि मी श्वास धरून ऐकायची, की आत्ता फिरली ती माझीच काच. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली. नुसती भूक नाही, पोटात कावळे ओरडायला लागले. पाचव्या दिवशी पारूबाई घोरत होती आणि मला तिचा संताप आला. संताप आला म्हणून मी इतकी हरखले, की उशीत तोंड खुपसून हसले. माझी मी परत येत होते. सातव्या दिवशी शांतवनभाऊ रिकाम्या हातानं आले, सुई नव्हती. म्हणाले, "नव्या पेशी आल्यात. ढिगानं आल्यात. पुणं रद्द."

पण गोष्ट तिथं संपली नाही. डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून सांगितलं, "बाई, इथं आहात तोवर सुई मी देईन. गावात दर महिन्याला ही सुई मिळेलच असं नाही, मिळाली तरी द्यायला कोण आहे? तुमच्या माळेचा मान ठेवतो, मटण-अंडी खा म्हणत नाही. दूध सुरू करा. नाही केलंत तर वर्षा-दोन वर्षांत परत ह्याच खाटेवर याल, आणि तेव्हा पाय उचलणार नाहीत."

मी म्हटलं, नाही पिणार. तिथं कुणाला कळेना की बाई अशी कशी हट्टी. त्यांना वाटत होतं मी माझ्या जिवाशी खेळतेय. माझ्यापुढं माझा जीव नव्हताच. दूध दिलं तेव्हा पोर मिळाली होती. दूध परत घेतलं तर? हिशोब साधा होता, आणि तो मला कुणी चुकीचा ठरवून दाखवेना. शिकलेली बाई होते मी, मुलांना विज्ञानाचं पुस्तक शिकवत होते. शिकवत होते म्हणून आत काही हललं होतं असं नाही.

आत्याबाई भेटायला आल्या. त्यांना ह्यांनी घरी सगळं सांगितलं होतं. इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "शकू, हितं ती भुकटी देत्यात न्हवं? ती कुठं दूध हाय? पीठ हाय ते. पी गुमान. देवीला मी सांगते."

"आत्याबाई, देवीला काय फसवायचं?"

"फसवाया न्हाई ग. तिलाबी सूट द्यावी लागती कदी कदी."

मला हसू आलं, पण कप घेतला नाही.

रविवार दुपार

रविवारी हे परत आले. बरोबर मंगल होती. वेणी कुणीतरी घातलेली होती, वाकडी, दोन पेडांची, दोरी वळल्यासारखी. मला विचारायची गरज पडली नाही, ह्यांनीच घातली होती. हे माझ्याशी बोलले नाहीत, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

मंगल खाटेवर चढून बसली. माझे तळवे बघितले, जीभ दाखव म्हणाली. मग म्हणाली, "आई, मी कदी आजारी हुते ग?"

"लहान होतीस. दोन वर्षांची."

"मला आठवत न्हाई." थोडा वेळ फ्रॉकच्या शिवणीशी चाळा करत बसली. "आन्ना म्हनले, माज्यासाटी तू दूध सोडलं."

आन्ना म्हणजे हे. मी पायथ्याशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बघितलं.

"आन दूध न्हाई पिलीस तर तू परत आजारी पडनार. डॉक्टर म्हनले."

"बघू."

"म्हंजी तू मेलीस तर माज्यामुळं."

तिनं हे रडून म्हटलं नाही. गणित सुटल्यावर पोरं उत्तर सांगतात तसं म्हटलं, आणि बरोबर आलं का बघायला माझ्या तोंडाकडं बघितलं. आठ वर्षं मी एका बाजूनंच बघत होते, की माझ्या नवसानं पोर जगली. तोच नवस उचलून मी तिच्या डोक्यावर ठेवत होते, आणि ती तो जन्मभर वाहणार होती, हे मला कुठल्या भिंगात दिसलं नव्हतं.

हे पायथ्याकडून म्हणाले, "मी बोललो न्हाई तिला तसं काय. तिचं तिनंच काढलं."

फळीवर सकाळचा कप तसाच होता. पारूबाईनं त्या दिवशी त्याला हात लावला नव्हता, का ते मी विचारलं नाही. दूध गार झालं होतं, वर साय धरली होती. मी एका हातानं मंगलचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं कप उचलला. मनात देवीला म्हटलं, आई, तुझं ते तुला दिलं होतं, आता मी परत घेतेय. रागवायचं तर माझ्यावर रागव. हिच्याकडं बघू नकोस.

भुकटीच्या दुधाला ओला वास येतो. पहिला घोट घशाखाली जाईना. दुसरा गेला. मग सगळं प्याले, तळाची साखरसुद्धा.

आणि मग मी मंगलकडं बघत बसले. तिचे ओठ बघितले. श्वास मोजले. मनगटाची नाडी माझ्या बोटांखाली उडत होती, ती मोजली. वॉर्डात दुपारची सामसूम झाली, पंखा फिरत होता, हे खाली फरशीवर बसून डुलक्या घेत होते. भिंतीपलीकडं रविवारमुळं यंत्र बंद होतं, म्हणून काहीच आवाज नव्हता. मला झोप येत नव्हती. इतकी लख्ख जागी मी कित्येक महिन्यांत नव्हते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पडद्यातलं ऊन खाटेवरून खाली फरशीवर उतरलं.

मंगल चुळबुळ करायला लागली. मी मनगट आणखी घट्ट धरलं.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"न्हाई ग आई," ती म्हणाली. "हात सोड की. मला लगवीला जायचंय."